वेम्बली : मैदान, माणसे आणि राडारोडा

माझे वडील प्राथमिक शिक्षक होते. आम्हा भावंडांना त्यांनी अनेकदा सांगितलेली एक गोष्ट अशी : १९४८ साली लंडनच्या वेम्बली मैदानावर आपल्या खाशाबा जाधवांनी गोऱ्या पैलवानांना लोळवले आणि त्याच मैदानावर आपल्या हॉकी संघाने साहेबाला चार गोलांनी हरवून तिरंगा चढवला. वडील तेव्हा बारा वर्षांचे होते. पेठेतल्या तालमीत संध्याकाळी कुणीतरी वर्तमानपत्र मोठ्याने वाची, बाकीचे भोवती बसून ऐकत. ही बातमी त्यांनी तिथे ऐकली होती. कोल्हापुरात कुस्ती आणि फुटबॉल एकाच घरात राहतात. ज्या तालमीत लाल मातीचा आखाडा, त्याच तालमीच्या नावाने फुटबॉलचा संघ. त्यामुळे कुस्ती, हॉकी आणि वेम्बली वडिलांच्या गोष्टीत गुण्यागोविंदाने नांदत. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून सामना बघताना कुणी लांबून गोल मारला, की ते म्हणायचे, "हे वेम्बलीला शोभलं असतं."

मी इतिहासाचा पदवीधर नाही. एका सहकारी संस्थेत हिशेबनीस म्हणून नोकरी केली, आणि ताळेबंद जुळला नाही तर झोप न येण्याची खोड तिथून लागली. वडील गेल्यावर त्यांची ही गोष्ट एकदा कागदांशी ताडून पाहावी असे वाटले. पहिल्याच तपासणीत ती अर्धी कोसळली. १९४८ च्या ऑलिम्पिकमधल्या कुस्त्या वेम्बलीवर झाल्याच नव्हत्या. त्या अर्ल्स कोर्टच्या एम्प्रेस हॉलमध्ये झाल्या. कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने तिथवर पोचलेल्या खाशाबांना सहावा क्रमांक मिळाला. त्यांचे कांस्यपदक पुढे चार वर्षांनी, १९५२ साली, हेलसिंकीला आले. राहिली हॉकी. ती मात्र तारखेसकट, गोलांसकट खरी निघाली.

अर्धी गोष्ट चुकीची ठरल्याचे वाईट वाटले, पण उरलेली अर्धी इतकी भक्कम कशी, याचे कुतूहल त्याहून मोठे होते. भारतातल्या एका तालमीपर्यंत ज्या मैदानाचे नाव पोचले, ते मैदान नेमके होते काय? कुणी बांधले, कशासाठी? काही वर्षे मिळेल ते वाचत राहिलो. मग लंडनजवळच्या हॅरोला राहणाऱ्या पुतणीने आग्रहाने बोलावले, तेव्हा मनाशी ठरवले की बकिंगहॅम राजवाडा राहिला तरी चालेल, वेम्बली बघायचे.

हॅरोहून मेट्रोपॉलिटन मार्गाची गाडी थेट वेम्बली पार्कला येते. स्थानकाच्या पायऱ्यांवर उभे राहिले की समोर सरळ रुंद रस्ता, आणि त्याच्या टोकाला आकाशात वाकलेली ती प्रचंड पोलादी कमान. उंची १३३ मीटर. ज्या रेल्वेने मी आलो, त्या रेल्वेनेच हे ठिकाण घडवले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सर एडवर्ड वॉटकिन हे मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष. १८८९ साली पॅरिसला आयफेल मनोरा उभा राहिला आणि त्याहून उंच मनोरा लंडनला उभारायचा ध्यास वॉटकिन यांनी घेतला. हेतू व्यवहाराचा होता : लोक मनोरा बघायला येतील, येताना रेल्वेचे तिकीट काढतील. जागा निवडली वेम्बलीची, कारण ती त्यांच्या मार्गावर होती. आराखड्यांसाठी स्पर्धा ठेवली, ६८ आराखडे आले. बागा, तळे, खेळाची मैदाने असलेले वेम्बली पार्क १८९४ मध्ये लोकांसाठी खुले झाले. मनोरा मात्र पहिल्या टप्प्यापर्यंत, म्हणजे साधारण ४७ मीटरपर्यंत चढला आणि थांबला. पैसा संपला, पाया खचू लागला. 'वॉटकिनचा वेडेपणा' असे नाव पडलेला तो सांगाडा १९०७ मध्ये सुरुंग लावून पाडला. त्याचा पाया जमिनीत तसाच राहिला. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

या पायावर पुढे उभे राहिले ते साम्राज्य. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन जिंकला होता, पण दमला होता. साम्राज्य अजून धडधाकट आहे हे जगाला, आणि स्वतःलाही, पटवून देण्यासाठी 'ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शन' भरवायचे ठरले. स्टेडियम हा त्या प्रदर्शनाचा एक भाग होता. १९२२ च्या जानेवारीत तिथले पहिले ढेकूळ उचलले गेले. वास्तुविशारद जॉन सिम्पसन आणि मॅक्सवेल एअर्टन, अभियंता ओवेन विल्यम्स, कंत्राटदार मॅकअल्पाइन. तीनशे दिवसांत, साडेसात लाख पौंडांत काम उरकले. दगड नव्हे, काँक्रीट. दर्शनी बाजूला दोन पांढरे मनोरे, प्रत्येकी १२६ फूट. अधिकृत नाव 'एम्पायर स्टेडियम'. प्रदर्शन संपल्यावर ते पाडून टाकावे, असाच विचार होता. जगभरच्या फुटबॉलप्रेमींनी पुढे ज्याला आपले देऊळ मानले, ते मुळात जत्रेपुरते उभारलेले होते.

१९२४ च्या एप्रिलमध्ये राजाने प्रदर्शनाचे उद्घाटन केले. ते भाषण बीबीसीने प्रक्षेपित केले; ब्रिटिश राजाचा आवाज रेडिओवर येण्याची ती पहिली वेळ. दोन वर्षांत सुमारे २ कोटी ७० लाख लोक येऊन गेले. भारताचा मंडप ताजमहाल आणि जामा मशिदीच्या धर्तीवर बांधला होता. पण त्या मंडपामागे एक कडवट प्रकरण होते. केनियात स्थायिक झालेल्या भारतीयांना तिथल्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या बरोबरीचे हक्क द्यायचे नाहीत, सुपीक डोंगराळ प्रदेशात त्यांना जमीन घेऊ द्यायची नाही, असा निर्णय ब्रिटिश सरकारने १९२३ मध्ये कायम केला. एरवी मवाळ समजले जाणारे व्ही. एस. श्रीनिवास शास्त्रीही संतापले आणि वेम्बलीच्या प्रदर्शनावर बहिष्काराची हाक भारतात दिली गेली. ज्या साम्राज्यात आपण बरोबरीचे नाही, त्याच्या जत्रेत दुकान कशाला मांडायचे, हा साधा प्रश्न होता.

या प्रकरणाचा पुढचा भाग मला पुस्तकात नव्हे, रस्त्यावर सापडला. स्टेडियमपासून काही अंतरावर ईलिंग रोड आहे. साड्यांची, दागिन्यांची, फरसाणाची दुकाने, एक भव्य मंदिर. क्षणभर आपण गुजरातेत आहोत असे वाटते. एका दुकानात चहा घेताना शेजारच्या वृद्ध गृहस्थांशी हिंदीत बोलणे झाले. जन्म नैरोबीचा, वडील रेल्वेत, १९६८ मध्ये लंडनला आले. केनिया आणि युगांडातून त्या काळात बाहेर पडावे लागलेल्या भारतीय कुटुंबांपैकी पुष्कळ जण वेम्बली परिसरात स्थिरावले. ज्यांच्या हक्कांसाठी वेम्बलीवर बहिष्काराची भाषा झाली, त्यांच्याच मुलानातवंडांनी पन्नास वर्षांच्या आत वेम्बलीत घरे केली. मी त्यांना १९२३ ची हकिगत सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "हमको तो यहाँ मैच के दिन पार्किंग नहीं मिलती, बस इतना पता है."

आता फुटबॉल. प्रदर्शनाच्या आधी वर्षभर स्टेडियम तयार झाले आणि २८ एप्रिल १९२३ रोजी एफए कपचा अंतिम सामना तिथे ठेवला गेला. बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम युनायटेड. एवढे मोठे मैदान भरेल का, अशी आयोजकांना धास्ती होती, म्हणून दारावर तिकिटे ठेवली. झाले उलटे. अधिकृत नोंद १,२६,०४७ प्रेक्षकांची, पण भिंतींवरून चढून आणि फाटके ढकलून किती आत शिरले याची मोजदाद नाही. दोन लाखांच्या पुढचे अंदाज दिले जातात. हिशेबनीस म्हणून माझे मत विचाराल तर, मोजले ते १,२६,०४७; बाकीचे 'अंदाजे' या सदरात. गर्दी हिरवळीवर सांडली. राजा येऊन बसला, पण खेळायला जागा नव्हती. घोडेस्वार पोलीस लोकांना हळूहळू मागे रेटत गेले. त्यांच्यातला जॉर्ज स्कोरी हा शिपाई आणि त्याचा बिली नावाचा घोडा छायाचित्रांत उठून दिसले आणि तो सामना 'पांढऱ्या घोड्याचा सामना' म्हणून अमर झाला. बिली खरे तर करड्या रंगाचा होता; काळ्यापांढऱ्या छायाचित्रांनी त्याला पांढरा केला. पाऊण तास उशिरा खेळ सुरू झाला, दोन मिनिटांत डेव्हिड जॅकने गोल केला आणि बोल्टनने २-० असा कप नेला. पुढच्या वर्षीपासून अंतिम सामन्याची तिकिटे आधीच विकायची असे ठरले.

बिलीच्या रंगाची हकिगत वाचली तेव्हा वडिलांची आठवण झाली. गोष्ट सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. जे छायाचित्रात पांढरे दिसते, ते पुढे पांढरेच सांगितले जाते.

प्रदर्शन १९२५ मध्ये तोट्यात संपले आणि मंडप मोडीत निघाले. इथे आर्थर एल्विन नावाचा माणूस येतो. पहिल्या महायुद्धातला हवाई दलाचा हा माजी सैनिक प्रदर्शनात तंबाखूच्या टपरीवर काम करत होता. पुढे त्याने पडीक मंडप घ्यायचे, तोडायचे आणि भंगार विकायचे असा धंदा सुरू केला. त्यात बरकत आल्यावर त्याने १९२७ मध्ये १,२७,००० पौंडांना स्टेडियमच विकत घ्यायचा सौदा केला. भंगारवाल्याने घेतलेली ही एकच इमारत त्याने तोडली नाही. ती चालवायची कशी? वर्षाला एखाददुसऱ्या मोठ्या फुटबॉल सामन्यावर एवढा डोलारा चालत नाही. एल्विनने ग्रेहाउंड कुत्र्यांच्या शर्यती सुरू केल्या. जुगारी आले आणि मैदान तगले. त्या कुत्र्यांचा मान इतका, की १९६६ च्या विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना दुसऱ्या स्टेडियमवर हलवावा लागला, कारण त्या रात्री वेम्बलीला शर्यती होत्या आणि त्या रद्द करायला मालक तयार नव्हते.

१९४८ चे ऑलिम्पिक भरले तेव्हा लंडन अजून युद्धाच्या ढिगाऱ्यातून उठत होते. खाण्यापिण्यावर रेशन, खेळाडूंसाठी नवे गाव वगैरे काही नाही. पुरुष खेळाडूंची सोय लष्करी छावण्यांत आणि महाविद्यालयांत. ५९ देश आले. जर्मनी आणि जपानला बोलावणे नव्हते. वेम्बलीला कुत्र्यांच्या शर्यतीच्या जागी धावपट्टी अंथरली गेली. २९ जुलैला संचलनात स्वतंत्र भारताचा ध्वज ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा चालला. तो हाती धरणारा तालिमेरेन आओ नागा टेकड्यांतून आलेला, आणि आपल्या फुटबॉल संघाचा कर्णधार. दोन दिवसांनी इलफर्डच्या छोट्या मैदानावर त्याचा संघ, त्यातले बरेचसे अनवाणी, फ्रान्सकडून २-१ असा हरला. दोन पेनल्टी हुकल्या. वेम्बलीच्या हिरवळीवर फुटबॉल खेळणे त्यांच्या नशिबी आले नाही.

हॉकी संघाचे तसे नव्हते. १९२८, १९३२ आणि १९३६ अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके भारताकडे होती, पण ती ब्रिटिश भारताच्या नावावर. आणि त्या तिन्ही वेळा ब्रिटनने हॉकीचा संघ उतरवलाच नव्हता. राज्य करणारा आणि राज्य सोसणारा ऑलिम्पिकच्या मैदानात समोरासमोर आले नव्हते. फाळणीने चांगले खेळाडू दोन देशांत वाटले गेले होते. किशनलाल यांच्या नेतृत्वाखालच्या नव्या संघात गोलरक्षक लिओ पिंटो, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ, वॉल्टर डिसूझा असे मुंबईच्या मैदानांवर खेळणारे खेळाडू होते. त्रिलोचनसिंग, बलबीरसिंग, केशव दत्त हे पंजाबात वाढलेले. ऑस्ट्रियावर आठ, अर्जेंटिनावर नऊ, स्पेनवर दोन गोल करून आणि उपांत्य सामन्यात नेदरलँड्सला २-१ हरवून ते अंतिम फेरीत आले.

१२ ऑगस्ट १९४८. स्वातंत्र्याला वर्ष पुरे व्हायला तीन दिवस कमी. पावसाने जड झालेले मैदान भारतीय खेळाला सोयीचे नव्हते. तरी बलबीरसिंगांचे दोन, त्रिलोचनसिंग आणि पॅट्रिक जॅन्सन यांचा एकेक, असे चार गोल झाले. ब्रिटनचा एकही नाही. 'एम्पायर' असे नाव असलेल्या मैदानावर, तिथल्याच प्रेक्षकांसमोर, तिरंगा वर चढला. साम्राज्याची जाहिरात म्हणून बांधलेल्या इमारतीचा असा उपयोग होईल, हे १९२२ मध्ये कुणाच्या हिशेबात नसणार.

वडिलांच्या गोष्टीचा भक्कम अर्धा भाग तो हा. त्यांना खाशाबाही त्याच मैदानावर हवे होते, हे मला आता समजते. आपला माणूस मोठ्या क्षणाच्या जवळ असावा, असे कुणाला वाटत नाही?

पुढचे वेम्बली फुटबॉलवाल्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. १९५३ च्या नोव्हेंबरात पुश्काशच्या हंगेरीने इंग्लंडला ६-३ धुतले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या संघाकडून मायदेशात झालेला हा इंग्लंडचा पहिलाच पराभव, आणि जिव्हारी लागलेला. ३० जुलै १९६६ ला इंग्लंडने पश्चिम जर्मनीला ४-२ हरवून विश्वचषक जिंकला. १९८८ मध्ये तुरुंगात असलेल्या नेल्सन मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसाचा संगीत सोहळा इथे झाला, आणि १९९० मध्ये सुटून आलेले मंडेला स्वतः याच मैदानावर उभे राहिले. आणखी एक नोंद राहून जाते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ च्या डिसेंबरात आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना खेळायला बंदी घातली. ती जवळपास पन्नास वर्षे टिकली. म्हणजे वेम्बली जन्मले तेव्हा निम्मी माणसे दाराबाहेर होती. ३१ जुलै २०२२ रोजी याच जागी ८७,१९२ प्रेक्षकांसमोर इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला २-१ हरवून युरोपचे विजेतेपद घेतले. बीजकाचे पैसे फार उशिरा आले, पण आले.

जुन्या वेम्बलीवरचा शेवटचा सामना ७ ऑक्टोबर २००० चा. जर्मनीने इंग्लंडला १-० हरवले. नंतर ते पाडले गेले. दोन मनोरे २००३ च्या फेब्रुवारीत गेले. ते वाचवावेत म्हणून बरीच मागणी झाली, पण ते काँक्रीट हलवता येण्यासारखे नव्हते. नवे स्टेडियम २००७ मध्ये उघडले. आसने ९०,०००.

ते आतून दाखवणारी फेरी असते, तिचे तिकीट आम्ही काढले होते. पुतणी, तिची आठ वर्षांची मुलगी आणि मी. बाहेर बॉबी मूरचा ब्राँझचा भव्य पुतळा, हाताची घडी घालून रस्त्याकडे बघणारा. आत खेळाडूंच्या खोल्या, प्रत्येकाच्या जागेवर टांगलेला सदरा. मग बोगदा, आणि बोगद्याच्या तोंडाशी एकदम उघडणारी हिरवळ. मुलांचे आवाज क्षणभर बंद झाले. गवतावर पाय ठेवायचा नाही, अशी सूचना होती. कडेला वाकून निरखायला हरकत नव्हती. जुन्या स्टेडियममध्ये विजेते ३९ पायऱ्या चढून कप घ्यायला जात; आता १०७ आहेत. माझ्या गुडघ्यांनी त्यांची नीट मोजणी केली. वर कपाच्या प्रतिकृतीबरोबर फोटो काढता येतो. नातीने काढून घेतला.

एका ठिकाणी १९६६ च्या अंतिम सामन्यातला गोलचा आडवा खांब ठेवला आहे. हर्स्टने मारलेला चेंडू या खांबावर आदळून खाली पडला. रेषेच्या आत की बाहेर, हा वाद अजून मिटलेला नाही. वाटाड्याने आमच्या घोळक्याला विचारले, "गोल होता?" इंग्रजांनी हात वर केले, एक जर्मन जोडपे हसत मान हलवू लागले. ज्या रेषापंचाने गोल दिला त्याला इंग्रज मंडळी आजही 'तो रशियन' म्हणतात. तोफिक बहरामोव्ह हा अझरबैजानचा होता, आणि बाकूचे स्टेडियम त्याच्या नावाने ओळखले जाते. बिली पांढरा नव्हता, बहरामोव्ह रशियन नव्हता, खाशाबा वेम्बलीवर लढले नव्हते.

मला मात्र एकच विचारायचे होते. १९४८ चे मैदान नेमके कुठे होते? वाटाड्या वयस्क होता, प्रश्नाने खूश झाला. त्याने बोट खाली केले नाही, वर केले. नवे मैदान जुन्यापेक्षा चार मीटर खाली आहे. खणताना वॉटकिनच्या मनोऱ्याचा पाया पुन्हा उघडा पडला होता. म्हणजे आम्ही उभे होतो तिथे जुनी हिरवळ आमच्या डोक्याच्या वर, हवेत होती. बलबीरसिंग धावले ती जमीन आता जागेवर नाही. कोल्हापूरचा माणूस आखाड्यात उतरताना आधी मातीला हात लावतो. मला हात लावायला तिथे काही नव्हते.

वाटाड्याला माझा चेहरा दिसला असावा. तो म्हणाला की जुन्या स्टेडियमचा राडारोडा बघायचा असेल तर नॉर्थोल्टला जा.

रविवारी पुतणी-जावयांनी गाडी काढली. पश्चिम लंडनमध्ये मोठ्या हमरस्त्याला लागून नॉर्थाला फील्ड्स नावाचे उद्यान आहे. ओळीने चार टेकड्या, उलट्या ठेवलेल्या वाट्यांसारख्या. त्या निसर्गाने केलेल्या नाहीत. वेम्बलीच्या आणि लंडनमधल्या इतर बांधकामांच्या पाडकामाचा राडारोडा इथे आणून ओतला, त्यावर माती चढवली, गवत पेरले. २००८ मध्ये उद्यान खुले झाले. भराव टाकू देण्याबद्दल कंत्राटदारांकडून पैसे घेऊन त्यातूनच उद्यानाचा खर्च भागवला, हे वाचून माझ्यातला हिशेबनीस सुखावला. साम्राज्याचे काँक्रीट आता हमरस्त्याचा आवाज अडवते.

सगळ्यांत उंच टेकडीवर गोल फिरत वाट जाते. वर वारा होता. कुणी कुत्री फिरवत होते, दोन मुले पतंगाशी झटत होती. दूर क्षितिजावर वेम्बलीची कमान नखाएवढी दिसत होती. वाटेत बसून मी गवताखालच्या मातीला हात लावला. १,२६,०४७ आणि मोजले न गेलेले बाकीचे ज्या पायऱ्यांवर उभे होते, त्यांचा चुरा या चार टेकड्यांत कुठेतरी आहे. त्यातला कुठला तुकडा कुठला, हे कुणी सांगू शकणार नाही. मैदान बांधणाऱ्यांचा हेतू पुसला गेला, मैदानही गेले. कोण आले, काय खेळले, किती गोल झाले, एवढेच उरले, आणि तेही कुणीतरी लिहून ठेवले म्हणून. नुसत्या ऐकण्यावर सोडले असते तर माझ्या वडिलांच्या गोष्टीतली खरी अर्धीसुद्धा मला खोट्या अर्धीपासून वेगळी करता आली नसती.

नात धापा टाकत वर आली. "आजोबा, इथे काय झालं होतं?"

"इथे काही नाही. ते तिकडे, त्या कमानीपाशी झालं. मग ते सगळं मोडून इथे आणून टाकलं."

"काय झालं होतं पण?"

मी तिला सांगितले. १९४८, बारा ऑगस्ट, पाऊस पडून गेलेला, चार गोल, कुणी किती मारले ते. आणि लंडनमध्येच, दुसऱ्या एका ठिकाणी, कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा एक पैलवान सहावा आला, हेही सांगितले.

"सहावा म्हणजे हरला ना?"

"त्या वेळी हरला. चार वर्षांनी परत गेला. ती गोष्ट वेगळी आहे, ती वेगळी सांगेन."